वीस सेकंद पळायचं, दहा सेकंद थांबायचं

मी लिफ्ट दुरुस्त करतो. पंचवीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात माणसं जोडीनं काम करतात. एक वर मशीनरूममध्ये असतो आणि एक खाली खड्ड्यात, किंवा एक लिफ्टच्या टपावर आणि एक दारात. एकट्यानं लिफ्टला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. माझी जोडी सोळा वर्षं एकाच माणसाशी होती. कंपनीत त्याला सगळे काउंटर म्हणायचे. लिफ्टच्या मागे दोरांना एक लोखंडी वजन लटकत असतं, लिफ्ट वर गेली की ते खाली येतं. त्याला आम्ही काउंटरवेट म्हणतो. हा गडी एक्याण्णव किलोचा, ठेंगणा, चालताना जरा डुलणारा. नाव मीच ठेवलं होतं. माझं हे नेहमीचंच आहे. सुरुवात मी करतो आणि निस्तरत बसतात दुसरे.

काउंटर कामाला चोख होता. शर्टाच्या खिशात जुन्या बनियनचे चौकोनी तुकडे घडी घालून ठेवलेले असायचे. हात पुसल्याशिवाय तो कुठल्याही बटणाला बोट लावायचा नाही. दाराला कान लावून म्हणायचा, "चौथ्या मजल्यावरच्या दाराचा रोलर गेलाय," आणि तो गेलेलाच असायचा. एखाद्या रहिवाशानं आवाज चढवला की मी दोन शब्द परत करायचो. हा मात्र म्हणायचा, "बरोबर आहे काकू, तुमचे गुडघे दुखत असणार." अशा माणसावर रागावता येत नाही, त्यामुळे लोकांचा उरलेला राग माझ्या वाट्याला यायचा.

त्याला एकच बहीण, नऊ वर्षांनी लहान. आई-वडील लवकर गेले तेव्हा ती शाळेत होती आणि हा नुकताच कुठे कामाला लागला होता. त्यानं स्वतःचं शिक्षण सोडलं आणि तिचं पूर्ण केलं. ती गणिताची शिक्षिका झाली. तिचं लग्न झालं, संसार झाला, पण त्याच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'धाकटी'च राहिली, आणि म्हणून आमच्याही. आमचे कामाचे अहवाल तो आधी तिला दाखवायचा आणि ती त्यातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करायची. साहेबांना वाटायचं, काय सुंदर लिहितात ही माणसं.

धाकटीच्या किडन्या बिघडल्या. पहिली चार वर्षं औषधावर निभावलं, मग डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. काउंटर त्या दिवशी काम आटपून थेट तिथे जायचा, शेवटचा तासभर तिच्याजवळ बसायचा आणि तिला घरी सोडून मग स्वतःच्या घरी. सकाळी साडेसहाला बाहेर पडलेला माणूस रात्री नऊच्या पुढे घरात पाऊल टाकायचा. तिच्या नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता. एक चुलतभाऊ मोठ्या तोंडानं "मी देतो" म्हणाला, तपासण्या झाल्या, तारीख ठरली, धाकटीनं बॅगसुद्धा भरली, आणि मग त्या गृहस्थानं फोन उचलणं बंद केलं. त्यानंतर ती महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. उरला काउंटर.

काउंटरचं सगळं जुळलं. फक्त वजन जास्त होतं आणि रक्तदाब काठावर होता. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "ऐंशीच्या खाली या, दाब आटोक्यात आणा, मग पुढच्या तपासण्या करू. चार महिने घ्या."

दुसऱ्या दिवशी एका इमारतीच्या मशीनरूममध्ये डबा उघडताना त्यानं मला हे सांगितलं. डब्यातलं निम्मं त्यानं माझ्याकडे सरकवलं.

"अकरा किलो," तो म्हणाला. "कधी करू मी व्यायाम? तूच सांग. झोपेत?"

इथे मला स्फुरण चढलं. मी शाळेत असताना चारशे मीटर पळायचो. एकदा दुसरा आलो होतो, आणि ते मी इतक्या वेळा सांगितलंय की कंपनीत सगळ्यांना मी पहिलाच आलो असं वाटतं. शिवाय फोनवर काहीबाही बघून मला सगळ्या जगाचं ज्ञान झालेलं होतं.

"तास कुणाला लागतो?" मी म्हणालो. "चार मिनिटं पुरे. वीस सेकंद जीव खाऊन पळायचं, दहा सेकंद थांबायचं. असं आठ वेळा. दिवसातून तीनदा केलंस तर बारा मिनिटं झाली. बारा मिनिटं तर तू दार पुसण्यात घालवतोस."

"पळायचं कुठे पण?"

मी जिन्याकडे बोट दाखवलं.

त्याचं असं आहे की लिफ्टची देखभाल झाली की शेवटी आम्ही ती रिकामी वर-खाली फिरवून बघतो. तेवढा वेळ दारावर 'काम चालू आहे' ही पाटी असते आणि कुणी आत येत नाही. बहुतेक इमारतींत जिना लिफ्टला वळसा घालून जातो. मी ठरवलं, चाचणी पाच मिनिटं लांबवायची. मी लिफ्टमध्ये फोन घेऊन उभा राहणार, ती हळूहळू वर नेणार, आणि हा जिन्यावरून माझ्याबरोबर वर येणार.

पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर तो कठड्याला धरून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी लिफ्टच्या जाळीतून म्हणालो, "अजून सहा राहिले." त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती आठवून मी पुढे कितीतरी दिवस एकटाच हसायचो. पण तो पळाला. पोट धरून, नळाच्या गळतीसारखा घाम गाळत, पण आठही पूर्ण केले. वरच्या मजल्यावर पायरीवर बसून म्हणाला, "मी मेलो तर दोन्ही काढून घ्यायला सांग."

मग ते आमचं रोजचंच झालं. सकाळची एक इमारत, दुपारची एक, संध्याकाळची एक. एखादी बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन खाली उभी राहायची, "अजून किती वेळ?" विचारायची, आणि मी गंभीर चेहरा करून सांगायचो, "चाचणी चालू आहे, पाच मिनिटं." वरून धपाधप पावलांचा आवाज यायचा. एकदा एका आजोबांनी विचारलं, "हा माणूस कुणापासून पळतोय?" मी म्हणालो, "वजनापासून." ते पटल्यासारखी मान हलवून निघून गेले.

हे सगळं गुपचूप चाललं होतं. कंपनीला कळलं असतं तर दोघांनाही घरी बसवलं असतं. काम संपल्यावर लिफ्ट बंद ठेवणं म्हणजे आमच्याकडे मोठा गुन्हा. आणि धाकटीला तर काउंटरनं काहीच सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की दादाच्या तपासण्या व्हायच्या आहेत, कधी ते नक्की नाही.

"सांग की तिला," मी एकदा म्हणालो. "तिला बरं वाटेल."

"नको. एकदा बॅग भरून झालीय तिची," तो म्हणाला. "सगळं पक्कं झालं की सांगू. तोवर तू पण तोंड बंद ठेव."

मी ठेवलं. आयुष्यात मी फार कमी वेळा तोंड बंद ठेवलंय, आणि नेमकं तेव्हाच ठेवलं.

दोन महिन्यांत त्याच्या पँटला नवं भोक पाडलेला पट्टा आला. तिसऱ्या महिन्यात तो आठ वेळा पळून झाल्यावर माझ्याशी बोलू शकायला लागला. रक्तदाब उतरला. मी रोज वहीत आकडे लिहायचो, त्याच्या पाठीवर थाप मारायचो, आणि खोटं कशाला बोलू, मला आतून फार अभिमान वाटायचा. माझ्या हातून एक माणूस घडतोय असं वाटायचं. मी एकच नियम घातला होता: एक दिवसही चुकवायचा नाही. ताप असो, पाहुणे असोत, पाय दुखोत, चुकवायचं नाही. तो ऐकायचा. इतकी वर्षं टपावर उभा राहून तो माझ्या हाकेवर विश्वास ठेवत आला होता. मी 'चल' म्हटलं की लिफ्ट चालवायची आणि 'थांब' म्हटलं की थांबवायची. ती सवय त्याच्या अंगातच भिनली होती.

तपासणीचा दिवस आला. सकाळी दहाला दवाखान्यात पोचायचं होतं. आदल्या दिवशी काट्यावर तो ऐंशी किलो चारशे ग्रॅम होता. आठ वाजता आमची जवळच एका बारा मजली इमारतीत देखभाल होती. ती आटपल्यावर त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "आज राहू दे का रे? अंग जरा जड वाटतंय."

मी काय म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणालो, "आज तर दोनदा करायचं. चारशे ग्रॅमसाठी तुला परत पाठवतील. आणि पाणी पिऊ नकोस, तेही काट्यावर दिसतं."

तो पळाला. चार मिनिटं, मग थोडा दम, मग परत चार मिनिटं. मी लिफ्टमधून आकडे ओरडत होतो. उतरल्यावर त्यानं बाटलीला हात घातला आणि मी ती काढून घेतली.

दवाखान्यात बाकावर बसून आम्ही अर्ज भरला. त्याची एक प्रत रजेसाठी कंपनीत जाणार होती. त्यात एक रकाना होता: व्यायाम कोणता करता? त्यानं पेन थांबवलं.

"चालणं लिही," मी म्हणालो. "जिना लिहिलास तर कुठला जिना म्हणून विचारतील."

त्यानं लिहिलं, चालणे. काटा एकोणऐंशी किलो आठशे दाखवत होता. आम्ही दोघं दवाखान्याच्या दारात शाळकरी पोरांसारखे हसलो आणि मी त्याला त्याची बाटली परत दिली.

चार दिवसांनी अहवाल आला. लघवीत प्रथिनं सापडली होती, थोडं रक्तही होतं, आणि रक्तातला किडनीचा आकडा वर होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ताप आला होता का, काही औषध घेतलं का, जड काम केलं का? जड काम म्हटल्यावर काउंटरच्या डोळ्यांसमोर आली ती लोखंडी वजनं आणि मोटारी, आणि त्या आठवड्यात तसलं काही उचललं नव्हतं. तो म्हणाला, "नाही बाई, हल्ली हलकंच काम आहे." खोटं बोलायचं म्हणून तो बोलला नाही, त्याला ते खरंच वाटत होतं. बाईंनी तीन आठवड्यांनी परत बोलावलं.

आता शहाणा माणूस काय करेल? थांबेल, विचारेल. आम्ही काय केलं? मी म्हणालो, शरीर अजून पुरतं तयार झालेलं नाही, अजून जोर लावायला हवा. रक्त फिरलं पाहिजे, किडनी धुऊन निघाली पाहिजे. असलं काहीतरी मी बोललो, आणि इतक्या ठसक्यात बोललो की माझं मलाच पटलं. तीनचं आम्ही सहा केलं. प्रत्येक इमारतीत तो पळायचा. दुसऱ्या तपासणीच्या सकाळीही पळाला. माझ्या सांगण्यावरून नाही, या वेळी स्वतःहून, कारण घाबरला होता. मी आकडे मोजत होतो.

दुसरा अहवाल पहिल्याहून वाईट आला. बाईंनी त्याला समोर बसवून समजुतीच्या स्वरात सांगितलं की तुमच्याच किडन्यांना जपायची वेळ आली आहे, त्यातली एक काढून घेणं आम्हाला योग्य वाटत नाही. हवं तर दुसरीकडे विचारा. त्यानं कुठे विचारलं नाही. ज्या बाईंनी एवढी समजूत घालून सांगितलं त्यांच्यावर अविश्वास दाखवणं त्याला बरं वाटलं नाही. काउंटर तसाच होता.

धाकटीला त्यानं सांगितलं, "माझ्यातच खोट निघाली गं." ती म्हणाली, "तू बरा राहा म्हणजे झालं." मग ती त्याला सोडून स्वतःचे अश्रू पुसायला आतल्या खोलीत गेली, असं त्याच्या बायकोनं मला सांगितलं.

त्या दिवसापासून त्यानं जिन्याकडे पाहिलं नाही. मी एकदा म्हणालो, "निदान तब्येतीसाठी तरी चालू ठेव." तो म्हणाला, "कशाला? माझ्या उपयोगाचं काय आहे त्यात?" जेवणावरचा ताबा सुटला. सहा महिन्यांत एक्याण्णव झाला, वर्षभरात शहाण्णव. पट्ट्यात परत जुनं भोक, मग नवा पट्टा. काम तसंच चोख करायचा, पण दाराला कान लावून बोलणं बंद झालं. रोलर गेला असेल तर गुपचूप बदलायचा. धाकटीकडे जाणं चुकवलं नाही. तिच्याजवळ बसायचा, पण चेहरा असा की जणू काही हिच्या पिशवीतून चोरी करून बसलाय.

दोन वर्षं अशी गेली.

मग कंपनीनं सगळ्यांची वार्षिक तपासणी काढली. मी प्रयोगशाळेत खिडकीसमोर रांगेत उभा होतो, हातात छोटी बाटली. समोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर चार-पाच सूचना होत्या आणि त्यातली तिसरी अशी होती: लघवी तपासणीआधी दोन दिवस जोराचा व्यायाम करू नये.

मी खिडकीतल्या मुलीला विचारलं, "हे का हो?"

"अहवाल चुकीचा येतो ना," ती पुढच्या बाटलीवर नाव लिहीत म्हणाली. "फार पळलं, फार दमलं की लघवीत प्रथिनं उतरतात. कधी रक्तही दिसतं. पाणी कमी प्यायलं असेल तर रक्तातला आकडाही वर जातो. चांगल्या माणसाचंसुद्धा. दोन-तीन दिवस गप्प बसलं की आपोआप निघून जातं."

"आपोआप?"

"हो. काका, बाटली द्या, मागे लोक आहेत."

मी बाटली तशीच खिडकीत ठेवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. आठवत गेलं ते सगळं माझ्याच आवाजात होतं. आज दोनदा करायचं. पाणी पिऊ नकोस. चालणं लिही. अजून जोर लावायला हवा. चार वाक्यांत मी एका बाईची किडनी घालवली होती.

काउंटरला सांगायला मला आठ दिवस लागले. रोज ठरवायचो आणि रोज दुसराच विषय काढायचो. शेवटी एका दुपारी आम्ही लिफ्टच्या टपावर होतो, तो दोरांना वंगण लावत होता, आणि मी सांगून टाकलं. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. सगळे दोर पूर्ण केले, फडक्यानं हात पुसले, फडकं घडी करून खिशात ठेवलं.

"म्हणजे तेव्हा माझं सगळं नीट होतं?" त्यानं विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक नको. नीट होतं की नव्हतं?"

"मला वाटतं, नीट होतं."

मला वाटलं आता हा मला खाली ढकलेल, आणि ढकललं असतं तर मी तक्रार केली नसती. तो टपावरच खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडला. मला आजही सांगता येणार नाही की ते सुटकेचं रडणं होतं की दुसरं काही. मग त्यानं विचारलं, "आता तपासलं तर?"

तीन दिवस त्यानं रजा काढली. घरात खुर्चीवर बसून राहिला, पाणी प्यायला, आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात गेला. मी सोबत होतो. या वेळी त्यानं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, पाटी, जिना, वीस सेकंद, सगळं. बाईंनी डोळे मिटले आणि मग सगळ्या तपासण्या नव्यानं लिहून दिल्या.

किडन्यांचा अहवाल स्वच्छ आला. एकही आकडा वर-खाली नाही. पण साखर वाढलेली होती, आणि नुकतीच वाढलेली नव्हती. दीड-दोन वर्षं ती चुपचाप बसून होती. बाई म्हणाल्या, "आता मी नाही घेऊ शकत. साखर असलेल्या माणसाची एक किडनी काढली तर उरलेलीवर भार येतो. तेव्हा असे विश्रांती घेऊन आला असतात तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, पण ते आम्हाला दोघांनाही पुरं ऐकू आलं.

दवाखान्याबाहेर काउंटर म्हणाला, "धाकटीला तू सांग. मला जमणार नाही."

"मी कसं सांगू?"

"जसं मला सांगितलंस तसं."

सोमवारी दुपारी मी एकटा डायलिसिसच्या खोलीत गेलो. लांबट खोली, दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन, आणि त्या सगळ्यांची मिळून एक सलग घरघर. धाकटी खिडकीजवळ होती. मांडीवर मुलांच्या गणिताच्या वह्या, मोकळ्या हातात लाल पेन.

"भाऊ, तुम्ही?" ती म्हणाली. "दादा बरा आहे ना?"

मी तिच्या शेजारी, भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शिक्षिका आहे, फळ्यावर मुलानं चुकीचं गणित मांडलं तरी ती त्याला शेवटच्या ओळीपर्यंत जाऊ देत असणार. मी साखरेपर्यंत आलो आणि थांबलो.

"दादा पळायचा?" तिनं विचारलं.

"हो."

"दिवसातून तीनदा?"

"शेवटी शेवटी सहादा."

"मला खरंच वाटत नाही." तिच्या ओठांवर हसू आलं आणि तसंच राहिलं. "मला वाटायचं त्याला काहीतरी मोठं दुखणं लागलंय. एवढा वाळला होता. मी वहिनीला म्हटलं, त्याच्या तपासण्या करून घे. ती म्हणाली, कामाचा ताण आहे. किती किलो उतरवले त्यानं?"

"अकरा."

"अकरा," ती म्हणाली, आणि तिनं वही मिटली. मला माफी मागायची होती, पण त्या शब्दाचं वजन मला इतकं कमी वाटलं की तो तोंडातून निघेना. शेवटी मी म्हणालो, "आम्हाला माहीत नव्हतं, ताई. आम्हा दोघांनाही."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"मी आजारी पडले त्याच वर्षी आम्ही घर बदललं. दिवसभर खोकी उचलून वर नेली मी. दुसऱ्या दिवशी लघवी तपासायला दिली तर अहवाल इतका बिघडलेला की मी घाबरून डॉक्टरांकडे पळत गेले. ते हसले. म्हणाले, हमाली केल्यावर दोन दिवस थांबून येत जा. मग पुढे चार वर्षं दर महिन्याला तपासणी असायची, आणि त्याआधीचे दोन दिवस मी घरात झाडूसुद्धा जोरात मारला नाही." ती थांबली आणि पलीकडच्या खुर्चीकडे वळून म्हणाली, "आजोबा, तपासणीच्या आधी काय करायचं नसतं?"

पलीकडचे म्हातारे डोळे मिटून पडले होते. त्यांनी ते उघडलेही नाहीत. "ओझं उचलायचं नाही, धावपळ करायची नाही," ते म्हणाले. "दोन दिवस. का गं, तुझी आहे का उद्या?"

"नाही, आजोबा."

मग ती माझ्याकडे वळली. रागावली असती तर मला सोसलं असतं. पण तिचा आवाज अगदी साधा होता, एखाद्या मुलाला त्याची चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते दाखवताना असेल तसा.

"मला एकदा विचारायचं ना, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही बसलाय ना, दादा आठवड्यातून तीनदा त्याच खुर्चीत बसायचा."